बद्द

क्रूझ लागली की मोहसिनभाईंचं ताट दुकानाबाहेर येतं :
ड्रॅगनचे, शिडाच्या गलबताचे,
जाड मानेच्या कुणा सेनापतीचे चिनी डॉलर,
सगळे मागच्या वर्षी ओतलेले,
चहाच्या पाण्यात उकळून म्हातारे केलेले.
मला त्यांची किंमत विचारू नका.

मी मागे, पडद्याआड, काट्यापाशी.
तालुका खानापूर, धंदा गलाईचा;
मुशीपुढं आज्याचे डोळे गेले, बापाची फुप्फुसं.
इथल्या बताक्यावर मात्र पेशा लिहिलाय : सुताराचा मदतनीस.
शिक्का खरा, फोटो माझाच,
मधलं तेवढं...
असो.

गुरुवारी असरनंतर जुवैना आली, सूरहून, बसनं.
रुमालाची गाठ दातांनी सोडली.
तीन नाणी. हारातून उकलून आणलेली.
"विकायची नाहीत," ती म्हणाली.
"नाती दोन आहेत. यातलं एक खोटं आहे.
कोणतं, तेवढं सांग."

कडा बघितल्या आधी.
खऱ्याच्या कडेचे दात अंगचे असतात,
खोट्याच्या कडेला कानस फिरलेली दिसते.
मग चुंबक. तिरप्या चांदीवरून ते
सासरी निघालेल्या पोरीसारखं रेंगाळत उतरतं.
तिन्हींवर रेंगाळलं, एकावर जरा घाईनं.

मग भिंग. पोटांवर ठोकलेली बारकी चिनी अक्षरं :
तिकडच्या पेढ्यांवर पारखी बसायचे,
नाणं हातातून जाताना आपली खूण ठोकायचे.
त्या खुणेला बंदरावरचे गोरे म्हणायचे चॉप,
म्हणजे आपली छापच की.
आणि पारख्याला श्रॉफ. आपला सराफ.
माझ्या कितीतरी आधी माझे दोन शब्द
दर्या ओलांडून कामाला लागले होते,
बिनव्हिशाचे.

हवेत तिन्ही भरली सव्वीस ग्रॅम, वर आठ.
पाण्यात दोन घटली दोन-सहानं,
तिसरं दोन-नऊनं.
भिंग पुन्हा कडेला लावलं :
दातांच्या मधून केसाएवढी रेघ, गोल, पुरती फिरलेली.
दोन्ही तोंडं अस्सल, अगदी टांकसाळीतली;
कुणीतरी नाणं उभं चिरून
आतली चांदी खरवडून नेली होती
आणि पितळ भरून डबी मिटली होती.
किती सुबक हात असेल! मी बघतच राहिलो.
वर सात पारख्यांचे ठसे. सातही फसले,
की सातवा फसला नाही, पुढं ढकलून मोकळा झाला?

शेवटी वाजवलं. खरं तर आधी वाजवायचं असतं,
पण तिच्यासमोर धीर होईना.
काचेवर एक : खण्ण.
दुसरं : खण्ण, लांबवर.
तिसरं : बद्द.

"तेच," ती म्हणाली. डोळे मिटूनच बसली होती.
"आई चालायची तेव्हा गळ्यात तीन असायची,
आवाज दोघांचाच यायचा."

मी विचारलं, मोडक्या अरबीत,
आजोबांना कळलं नव्हतं का?

"कळलं. कालिकतच्या बंदरात.
एक हंगाम सुकाणू धरल्याची मजुरी होती, चार नाणी.
वाण्याच्या पायरीवर वाजवून बघितलं.
तांदूळ घ्यायचा होता, माणसं उपाशी होती,
वाण्याला दिसत नव्हतं धड."
ती थांबली. अबायाच्या बाहीनं नाणं पुसलं.
"त्यांनी चौथं मोडलं."

बाहेर मोहसिनभाई कुणाला तरी सांगत होते,
व्हेरी ओल्ड, माय ग्रँडफादर.

दोन नाणी तिनं रुमालात बांधली.
बद्द वाजणारं दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं, आतल्या बाजूनं.
पारखाईचा अर्धा रियाल माझ्या पुढ्यात ठेवला.
मी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही.

नोटच ती.
ती गेल्यावर मी सवयीनं
कानापाशी नेली.